जीएनएम झालेल्या मुलीनं कॅनडात पुन्हा प्रॅक्टिकल नर्सिंग शिकावं का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे तुझ्यासारख्या इतर मुलींनाही उपयोग होईल. तुझं जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा झालाय, सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं आयसीयूला ड्युटी करतेस. पुण्यातला एजंट म्हणतो, कॅनडात प्रॅक्टिकल नर्सिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा कर, मग आपोआप आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स होशील. त्यासाठी आई घर गहाण ठेवायला निघालीय. जाऊ का, असं विचारलंस.

त्या डिप्लोमासाठी घर गहाण ठेवू नकोस. इकडं यायचंय तर जरूर ये, पण आधी तिकडंच पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी करून घे. मी हे न करता आले आणि त्यापायी माझी सहा-सात वर्षं गेली, म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

एजंटचा तो ‘आपोआप’ शब्द साफ खोटा आहे. मी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात राहते, म्हणून इथलंच सांगते. इथं नर्सच्या दोन वेगळ्या नोंदण्या असतात. एक आरपीएन, म्हणजे रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स, बाकी बहुतेक प्रांतांत तिलाच एलपीएन म्हणतात. तिचं शिक्षण दोन वर्षांचा डिप्लोमा. दुसरी आरएन. 1 जानेवारी 2005 पासून ओंटारिओत शिकून नव्यानं आरएन व्हायला पदवी लागते. दोघींच्या परीक्षाही वेगळ्या: आरपीएनला 2022 पासून रेक्स-पीएन, आरएनला एनक्लेक्स-आरएन. वीस वर्षं नोकरी झाली तरी आरपीएनची आरएन होत नाही. त्यासाठी ब्रिजिंग करायचं, म्हणजे पुन्हा विद्यापीठात जाऊन पदवी घ्यायची आणि मग एनक्लेक्स द्यायची. पूर्णवेळ केलं तरी साधारण तीन वर्षं, नोकरी सांभाळून केलं तर चार-पाच.

आता तुझं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट काढून बघ. त्यावर रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ असं लिहिलेलं आहे. म्हणजे तू आजच आरएन आहेस, फक्त तुझ्याकडं पदवी नाही. एजंट तुझ्याच पैशानं तुला एक पायरी खाली उतरवतोय.

माझं काय झालं ते सांगते. आमच्या वेळी जीएनएम साडेतीन वर्षांचं होतं, आता तीन वर्षांचं झालंय. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. शिकून लगेच पगार सुरू होणं गरजेचं होतं, म्हणून बीएस्सीचा विचारच केला नाही. 2015 मध्ये नवऱ्याबरोबर पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना घेऊन आले. एनएनएएस नावाची संस्था परदेशी नर्सेसची कागदपत्रं तपासायची. तिनं माझं शिक्षण आरएनच्या तोडीचं नाही असा अहवाल दिला. सगळ्यात वाईट वाटलं ते बाळंतपणांचं. प्रसूती वॉर्डात मी रात्र-रात्र उभी राहिले होते, पण इथं मिडवाइफ हा स्वतंत्र पेशा आहे, त्याची वेगळी चार वर्षांची पदवी आहे. त्यामुळं मिडवाइफरीचे ते तास नर्सिंगच्या हिशोबात जवळजवळ धरलेच नाहीत, आणि मानसिक आरोग्य, समाज आरोग्य या विषयांचे माझे तास कमी पडले. दोन वर्षं वृद्धांच्या निवासात मदतनीस म्हणून काम केलं, अंघोळी घातल्या, जेवण भरवलं. त्या कामाला मी कधीच हलकं म्हणणार नाही. पण माझ्या हाताला सुई लावता येत असताना मला सुईला हात लावायची परवानगी नव्हती. मग आरपीएनची परीक्षा, मग नोकरी करत ब्रिजिंग, आणि शेवटी 2022 मध्ये एनक्लेक्स.

ब्रिजिंगमध्ये नवीन काय शिकले, हे तू विचारलं नाहीस, पण मला तेच सांगायचंय. पहिल्या दिवशी वाटलं होतं, मला काय शिकवणार हे लोक? सलाईन, कॅथेटर, ड्रेसिंग, सगळं मी झोपेत करू शकते. त्यातलं त्यांनी काही शिकवलंही नाही. इथं आरएन आणि आरपीएन एकाच ज्ञानातून शिकतात, फरक खोलीचा असतो. पेशंट किती गुंतागुंतीचा आहे, पुढं काय होईल याचा अंदाज बांधता येतो का, आणि बिघडलं तर किती बिघडेल, यावरून ठरतं की तो कुणाच्या हातात द्यायचा. तब्येत स्थिर असलेला मधुमेही आजोबा आरपीएन एकटी सांभाळते. त्याच आजोबांची शुगर वर-खाली व्हायला लागली, ते बरळायला लागले, की तिनं आरएनला बोलवायचं किंवा पेशंट तिच्याकडं सोपवायचा.

मी आरपीएन असताना एका रात्री एक आजी नेहमीपेक्षा गप्प वाटल्या. बीपी ठीक, ताप नाही. मी आरएनला एवढंच म्हणाले, ‘आजी बऱ्या वाटत नाहीयेत.’ तिनं मला चार प्रश्न विचारले: काल कशा होत्या, लघवी किती झाली, श्वास मिनिटाला किती, नवं औषध कुठलं सुरू झालं? मला फक्त दोनांची उत्तरं देता आली. लघवीचा संसर्ग निघाला, म्हाताऱ्या माणसांत कधीकधी ताप न येता नुसता गोंधळलेपणा किंवा गप्पपणा दिसतो. तपासणी लवकर झाली म्हणून आजी वाचल्या. ब्रिजिंगनं मला ते चार प्रश्न स्वतःला विचारायला शिकवलं. खूण ओळखायची, तिचा अर्थ लावायचा, सगळ्यात धोक्याची शक्यता कुठली ते ठरवायचं, उपाय शोधायचा, करायचा, आणि गुण आला का ते बघायचं. 2023 च्या एप्रिलपासून एनक्लेक्समध्ये नेमक्या याच सहा पायऱ्यांवर केस देतात. 85 ते 150 प्रश्न, पाच तास. नुसत्या पाठांतरावर निभावत नाही.

डॉक्टरला फोन करणंही नव्यानं शिकावं लागलं. आपल्याकडं सिस्टरनं सांगायचं, डॉक्टरनं ठरवायचं. इथं परिस्थिती, पूर्वइतिहास, माझा अंदाज आणि ‘मला वाटतं आपण हे करावं’ अशा चार गोष्टी त्याच क्रमानं सांगायच्या असतात. ते चौथं वाक्य तोंडातून निघायला मला वर्ष लागलं. सोलापुरात आयसीयूला आहेस तोवर आजपासून मनातल्या मनात ते चौथं वाक्य तयार करत जा.

लेखी कामातही अडखळले. पहिल्या निबंधात मी एका पुस्तकातले दोन परिच्छेद जसेच्या तसे उतरवले, कारण कॉलेजात आम्ही जर्नल तसंच लिहायचो. शून्य गुण मिळाले आणि लेखी ताकीद आली. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहून त्याचं नाव द्यायचं, ही सवय पोस्ट बेसिकला असतानाच लाव.

एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्गात बाईंनी नॉर्मन बेथ्यून यांच्याबद्दल सांगितलं, ओंटारिओतल्या ग्रेव्हनहर्स्टचे डॉक्टर, चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना 1939 मध्ये गेले. मी हात वर केला. म्हटलं, त्यांच्या नावाचं इस्पितळ पुढं ज्यांनी चालवलं ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस माझ्या गावचे. तोवर त्या वर्गात मी तोंड उघडलं नव्हतं.

आता पैसे. स्टुडंट व्हिसासाठी फीशिवाय राहण्याखाण्याची रक्कम दाखवावी लागते. ती 1 जानेवारी 2024 पासून 10,000 वरून 20,635 कॅनेडियन डॉलर झाली, म्हणजे साडेबारा लाखांच्या आसपास, आणि पुढं आणखी वाढलीय. परदेशी विद्यार्थ्याची फी स्थानिकांच्या कितीतरी पट असते. शिकताना कॉलेजबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येतं. दोन वर्षांनी हातात आरपीएन. पीआर मिळण्याआधी ब्रिजिंगला गेलीस तर पुन्हा परदेशी विद्यार्थ्याचीच फी. मी पीआर होते म्हणून स्थानिक फीत भागलं, तरी कर्ज फेडायला तीन वर्षं लागली.

त्यापेक्षा पोस्ट बेसिक दोन वर्षांचं, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं. सोलापूर-पुणे पट्ट्यात कॉलेजं आहेत. नियमित कोर्सच घे. इग्नूचा तीन वर्षांचा नोकरी करत होतो खरा, पण दूरशिक्षणाची पदवी तपासताना बाहेर जास्त प्रश्न विचारतात. अभ्यास घरी राहून, आपल्या भाषेच्या माणसांत होईल. मग कागदपत्रं थेट आरएनसाठी पाठव. इकडचे नोंदणीचे नियम सध्या भराभर बदलताहेत, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात नोंदणी करणाऱ्या कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ओंटारिओ या संस्थेची वेबसाइट स्वतः वाच, एजंटच्या तोंडून ऐकू नकोस. मधल्या काळात नर्सिंगमध्ये खंड पडू देऊ नकोस, गेल्या तीन वर्षांतला कामाचा पुरावा मागतात. जर्मनीचंही विचारलंस. तिकडं बी-टू पातळीची जर्मन लागते, त्याला वर्ष-दीड वर्ष धरून चाल.

एक काम मात्र याच महिन्यात कर. जीएनएमच्या कॉलेजात जा आणि विषयवार थिअरी व क्लिनिकलचे तास लिहिलेलं ट्रान्सक्रिप्ट कसं मिळेल ते विचार. नुसती मार्कशीट चालत नाही, आणि ते बहुधा कॉलेजकडून थेट तपासणाऱ्या संस्थेला जावं लागतं. माझ्या वेळचे क्लार्क निवृत्त झाले होते, रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊ आठ महिने हेलपाटे मारत होता. महाराष्ट्र कौन्सिलच्या कामासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला गेलीस तर नूतनीकरण आणि नावातला फरक, दोन्ही एकाच फेरीत उरकून घे. तुझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव सारखं आहे का, ते आज रात्रीच बघ आणि मला कळव.