सीके-४, एफए-४ आणि आपले ट्रक

प्रश्न : माझे तीन ट्रक इंदूर–धुळे मार्गावर चालतात. दोन बीएस-४ या प्रदूषणाच्या जुन्या मानकाचे आहेत आणि एक २०२१ मध्ये घेतलेला बीएस-६ या नव्या मानकाचा आहे. दुकानदार म्हणतो की सीके-४ आणि एफए-४ ही डिझेल इंजिनांची नवी ऑइले आली आहेत, तेव्हा जुने सीआय-४ सोडून द्या. आमच्या मिस्त्रींचे मत असे की नवे ऑइल पातळ असते आणि घाटात इंजिन घासले जाते. तिन्ही गाड्यांना एकच ऑइल ठेवता येईल का?
— एक वाचक, लोहामंडी, इंदूर

उत्तर : आपल्या मिस्त्रींची शंका एफए-४ बाबत खरी आहे, सीके-४ बाबत नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ही दोन्ही मानके १ डिसेंबर २०१६ पासून लागू केली, त्यामुळे दुकानात त्यांची नावे जोडीने घेतली जातात. पण त्यांचा उपयोग वेगळा आहे. ऑइल १५० अंश सेल्सिअसला तापून बेअरिंगच्या फटीत वेगाने दाबले जात असताना त्याचा दाटपणा किती टिकतो, हे मोजले जाते. सीके-४ मध्ये तो किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावा लागतो, तर एफए-४ मध्ये तो मुद्दाम २.९ ते ३.२ इतकाच ठेवला आहे, म्हणजे घर्षण कमी होऊन डिझेल वाचते. एवढ्या पातळ थरावर चालण्यासाठी जी इंजिने घडवली आहेत, त्यांनाच ते योग्य. धुळ्याहून परतताना भरलेला ट्रक बिजासनचा आणि पुढे मानपूरजवळचा घाट चढतो, तेव्हा बीएस-४ च्या इंजिनात एफए-४ असणे मला धोक्याचे वाटते. ट्रकच्या कंपनीने पुस्तिकेत नाव घेऊन परवानगी दिली नसेल, तर ते कोणत्याही गाडीत घालू नये.

सीके-४ मात्र जुन्या सीजे-४, सीआय-४ आणि सीएच-४ यांच्या जागी वापरता येते. ते १५डब्ल्यू-४० या नेहमीच्या दाटपणातही मिळते. तापून ऑइल खराब होणे आणि त्यात हवा मिसळून फेस होणे, या दोन गोष्टींच्या त्याच्या चाचण्या आधीपेक्षा कडक आहेत.

आपल्या बीएस-६ ट्रकचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्याच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असते. साठलेली काजळी ठराविक काळाने जाळून टाकता येते. परंतु इंजिनात थोडे थोडे जळणाऱ्या ऑइलमधील धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही, ती जाळीतच बसते आणि हळूहळू वाट बुजवते. म्हणून सीजे-४ आणि सीके-४ मध्ये राखेचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत बांधून दिलेले आहे. सीआय-४ ला अशी मर्यादा नाही, त्यामुळे स्वस्त मिळाले तरी ते या ट्रकमध्ये घालू नये. डीपीएफ बदलण्याच्या खर्चापुढे ती बचत अगदी किरकोळ ठरते.

डिझेलमधील गंधकामुळे इंजिनात आम्ल तयार होते आणि ते मारण्याची शक्ती कमी राखेच्या ऑइलमध्ये कमी असते, असा आक्षेप जुने कारागीर घेतात आणि गंधकयुक्त डिझेलच्या काळात तो रास्तच होता. पण १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग असते आणि तेच डिझेल आपले जुने ट्रकही भरतात. आम्लच कमी तयार होत असल्याने त्यांना या ऑइलची भीती नाही.

तेव्हा तिन्ही गाड्यांना सीके-४, १५डब्ल्यू-४० ठेवता येईल. मात्र बीएस-६ च्या पुस्तिकेत कंपनीने स्वतःचा मंजुरी क्रमांक दिला असेल, तर तो डब्यावर छापलेला आहे ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. ऑइल नवे आहे म्हणून बदलण्याचे अंतर आपल्या मनाने वाढवू नये. निमाडातील उन्हाळा आणि घाट यांचा ताण इंजिनावर तसाच राहणार आहे. वाटेत पातळी कमी झाली, तर ढाब्याजवळच्या दुकानातून मिळेल ते ऑइल ओतले जाते आणि पुष्कळदा तिथेच घोटाळा होतो. यासाठी प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये त्याच ऑइलचा पाच लिटरचा डबा ठेवावा आणि ड्रायव्हरला तसे स्पष्ट सांगून ठेवावे.