'मेद्वेद'मध्ये आपला 'वेद' आहे का?

रशियन भाषेत अस्वलाला 'मेद्वेद' म्हणतात (मेद्वेदेव हे आडनाव त्यावरूनच आलं). त्यातला 'वेद' आणि आपला 'वेद' एकच का, असा प्रश्न आला आहे. 'मध कुठे आहे हे जाणणारा तो मेद्वेद' अशी फोड खुद्द रशियन माणसंही करतात. पण ती चुकीची आहे.

खरी फोड आहे 'मेदु' म्हणजे मध आणि 'एद्' म्हणजे खाणे. मधला 'व' कुठून आला? 'उ'च्या पुढे स्वर आला म्हणून. मनु + अंतर = मन्वंतर हा यण् संधी आपण शाळेत शिकलो, तसाच हा प्रकार. आणि संस्कृतात या शब्दाचा सख्खा भाऊच सापडतो! मधु + अद् = मध्वद्, म्हणजे मध खाणारा. ऋग्वेदात (१.१६४.२२) झाडावरच्या पक्ष्यांना 'मध्वदः सुपर्णाः' म्हटलं आहे. यातला 'अद्' तोच, ज्यापासून आपलं 'अन्न' झालं. घटक तेच, तिकडे त्यांचं अस्वल झालं, इकडे ते पक्ष्यांचं विशेषण राहिलं. मला तर ही जोडी फार आवडते.

अस्वलाचं मूळ नाव स्लाव भाषांत (रशियन, पोलिश, चेक वगैरेंचं कुळ) उरलंच नाही. संस्कृत 'ऋक्ष', ग्रीक 'आर्क्तोस', लॅटिन 'उर्सुस' हे सगळे एकाच मुळाचे. हिंदी 'रीछ'ही त्याच घरचा. नाव घेतलं की जनावर पुढ्यात उभं राहतं, या धास्तीने स्लावांनी ते टाकलं असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे रात्री साप न म्हणता 'लांबडं' म्हणतात, त्यातलीच गत. पुढे मेद्वेद हेच रूढ नाव झालं, तेव्हा रशियन लोकांनी त्यालाही 'मीशा', 'कोसोलापी' (वाकड्या पंजांचा) अशी लाडकी नावं दिली.

चेक भाषेत हा शब्द 'मेद्व्येत' असा ऐकू येतो. पोलिशमध्ये सुरुवातीच्या 'म'चा 'न' होऊन 'न्येज्व्येच' झाला. युक्रेनियनमध्ये तर अक्षरांचीच अदलाबदल होऊन 'वेद्मीद्' झाला. बल्गेरियन लोक रोजच्या बोलण्यात 'मेच्का' म्हणतात. हंगेरियन भाषा स्लाव कुळातली नाही, तरी तिने 'मेद्वे' उसना घेतला.

'वेद'शी खरं नातं असलेले स्लाव शब्द वेगळे आहेत. रशियन 'वेद्मा' म्हणजे चेटकीण, मूळ अर्थ जाणती बाई. पोलिश 'व्येद्झा' म्हणजे ज्ञान. आणि चेक 'व्येदा' म्हणजे विज्ञान.