पुरावा कोणी द्यायचा?

फोंडा, गोवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या तुझ्या कंपनीने बारा जणांची टीम तुझ्या हाती सोपवली, हे वाचून फार आनंद झाला. उत्पादनाचा दर्जा आणि नवनिर्मिती या गोष्टी वरिष्ठाच्या हातात कितपत असतात, असे तू विचारले आहेस. माझ्या मते पुष्कळच असतात, आणि त्यांचा निकाल बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर लागतो: शंका निघाली की पुरावा कोणी द्यायचा, शंका घेणाऱ्याने की माल पाठवणाऱ्याने?

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी पाण्याचे पंप चालवणारी इलेक्ट्रॉनिक पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत मी विभागप्रमुख होतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणी विभागातली डिचोलीची एक मुलगी हातात सर्किट बोर्ड घेऊन माझ्या टेबलाशी आली. वातानुकूलित खोलीतल्या सगळ्या चाचण्यांत पास झालेला तो बोर्ड तिने आपणहून आठवडाभर मागच्या शेडमध्ये, खाऱ्या दमट वाऱ्यात उघडा ठेवला होता. कनेक्टरच्या पिनांच्या मुळाशी हिरवट पूड धरली होती, ती तिने नखाने खरवडून दाखवली. संरक्षक लेप त्या कडेपर्यंत पोचत नसावा, माल पाठवण्याआधी आणखी दहा बोर्ड असेच ठेवून पाहू या, एवढेच तिचे म्हणणे होते. ट्रक दुपारी चारला सुटायचा होता. मी विचारले, "एका बोर्डावरून तू काय सिद्ध करणार?" तिच्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते असण्याची गरजही नव्हती, कारण उरलेले बोर्ड पावसाळा काढतील हे दाखवून देण्याचे काम माझे होते.

चतुर्थीच्या सुमारास पॅनेल परत येऊ लागली. लेपाची पद्धत बदलून आम्ही ती दुरुस्त केली, नुकसानही पुढे भरून निघाले. पण त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती मुलगी माझ्या टेबलाकडे फिरकली नाही. अहवालांत ओळीने "पास" लिहून येत होते आणि काम सुरळीत चालले आहे असे मी समजत होतो.

मोठ्या तंत्रज्ञ संस्थांतही हेच घडलेले आहे. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, त्याचे घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले होते की सुमारे 12 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये, कारण थंडीत सांध्यांतली रबरी कडी वेळेवर सांधा बंद करणार नाहीत. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली, कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसांत चर्चा करून निर्णय फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटून सातही अंतराळवीर गेले. त्या बैठकीत असलेले अभियंते रॉजर बॉइजोली यांनी चौकशी आयोगापुढे जे सांगितले त्याचा आशय असा, की उड्डाण सुरक्षित नाही हे निर्विवाद सिद्ध करण्याचा भार आमच्यावर टाकला गेला. ती साक्ष वाचली तेव्हा मला आमचा चार वाजताचा ट्रक आठवला.

याच्या उलट टोयोटाच्या कारखान्यातली दोरी पाहा. जोडणीच्या रांगेतल्या कोणत्याही कामगाराला काही वावगे वाटले तर तो डोक्यावरची दोरी ओढतो, दिवा लागतो आणि गटप्रमुख तिथे येतो. ठरलेल्या अंतरापर्यंत अडचण सुटली तर रांग चालूच राहते, न सुटली तर थांबते. दोरी ओढण्यासाठी संशय पुरतो, पुरावा लागत नाही. ही पद्धत अनेक कंपन्यांनी उचलली, पण गटप्रमुख कपाळाला आठ्या घालून येत असेल तर ती दोरी कोणी ओढत नाही.

नवनिर्मितीच्या बाबतीत मात्र पुराव्याची घाई घातक ठरते. 1975 साली कोडॅकमधले अभियंते स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोंच्या वर होते आणि एक छायाचित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. अशा वस्तूपाशी त्या दिवशी नफ्याचा पुरावा कुठून असणार? कोडॅकने पुढे डिजिटल कॅमेरे विकलेही, परंतु फिल्मच्या धंद्याला धक्का देण्याची तयारी वरच्या पातळीवर वेळेत झाली नाही आणि जानेवारी 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुझ्या टीममधला कोणी अर्धवट कल्पना घेऊन आला तर बाजार किती मोठा आहे हे पहिल्याच बैठकीत विचारू नकोस. दोन आठवडे आणि थोडे साहित्य दे, आणि काय दिसले ते त्याच्याच तोंडून ऐक. बैठकीत तुझे मत सर्वांत शेवटी सांग, कारण ते आधी कळले की बाकीच्यांची मते त्याच्याच मागे जातात.

दर्जासाठी मी पुढे एक नियम केला, तो तुला जसाच्या तसा देतो. चाचणी विभागातल्या कोणाही एकाच्या सहीने माल थांबेल, आणि तो सोडायचा असेल तर विभागप्रमुखाने कारण लेखी द्यावे. त्या मुलीने पहिल्यांदा माल थांबवला तेव्हा तिची शंका चुकीची निघाली. ट्रक एक दिवस उशिरा गेला, ग्राहकाची बोलणी मी ऐकून घेतली आणि सर्वांच्या देखत तिचे आभार मानले. त्याच आठवड्यात तिच्या शेजारी बसणारा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा एक पॅनेल घेऊन माझ्याकडे आला, आणि त्याची शंका खरी होती.

तुझा शुभचिंतक