वाचक विचारतात: जुन्या जे-२४ ची डागडुजी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं जे-२४ या शर्यतीच्या शिडाच्या बोटीबद्दल आहेत. रॉड जॉनस्टन यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये आपल्या गॅरेजात या जातीची पहिली बोट बांधली. लांबी ७.३२ मीटर. पुढे जगभरात अशा ५,००० हून जास्त बोटी झाल्या. सगळ्या एकाच मापाच्या, त्यामुळे चाळीस वर्षांची बोटही नव्या बोटीला हरवू शकते, पण तिचा सांगाडा शाबूत हवा. चौथं पत्र मुंबईचं आहे. त्यातली बोट वेगळी असली तरी दुखणं ओळखीचं आहे.

प्रश्न (बॉस्टन, अमेरिका): १९८० च्या दशकातली जे-२४ स्वस्तात मिळाली. मास्टच्या (डोलकाठीच्या) आजूबाजूला आणि कडेच्या दोन स्टँशनपाशी (कठड्याच्या खांबांपाशी) डेक पायाखाली दबतो. यार्डातल्या माणसाने भोकं पाडून इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारं रेझिन) टोचायला सांगितलं आहे. पुरेल का?

उत्तर: पुरणार नाही. जे-२४ चा डेक फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड भरून केलेला आहे. बाल्साचे तुकडे धाग्याच्या आडवे कापून उभे लावलेले असतात, त्यामुळे पाणी त्यात हळूहळू पसरतं आणि आडवं टोचलेलं इपॉक्सीही फार लांब जात नाही. शिवाय ओल्या लाकडाला ते चिकटत नाही. चार ठिकाणी कडक बेटं तयार होतात आणि त्यांच्यामध्ये कूज चालूच राहते. तुमच्याकडे हिवाळ्यात आणखी एक भर पडते: आत अडकलेलं पाणी गोठून फुगतं आणि बाल्साची फायबरग्लासशी असलेली पकड सोडवतं. म्हणून दर वसंतात मऊ भाग थोडा मोठा झालेला दिसतो.

आधी हद्द ठरवा. प्लॅस्टिकच्या हातोडीने डेकवर दर दोन इंचांवर टकटक करा. जिथे ‘टण’ ऐवजी ‘थप’ असा बसका आवाज येतो, तिथे पेन्सिलने खूण करा. ओलावामापक यंत्र वापरणार असाल तर धातूची फिटिंग्ज काढून ठेवा, त्यांच्याजवळ ते खोटं बोलतं. शेवटी केबिनच्या आतून, फक्त आतल्या थरातून, ३ मिमीच्या ड्रिलने तपासणीची भोकं पाडा. भुसा फिकट आणि कोरडा आला तर लाकूड ठीक आहे. तपकिरी, ओला आणि आंबूस वासाचा आला तर तो भाग काढावाच लागेल.

कापायचं वरून की आतून? आतून केलं तर वरची खरबरीत नक्षी वाचते, पण डोक्यावर काम करायचं आणि इपॉक्सी अंगावर गळणार. पहिल्यांदा करणाऱ्याने वरूनच करावं. नक्षीच्या कडेला जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावरून कापा, सांधा तिथे लपतो. करवतीची खोली वरच्या थराएवढीच ठेवा, साधारण ३ मिमी. थर अखंड उचला, परत तोच लावायचा आहे. कुजलेला बाल्सा खरवडा आणि निरोगी लाकूड लागल्यावरही आणखी ५ सेंमी पुढे जा. मग वाळू द्या. ही पायरी कोणालाच आवडत नाही आणि इथेच सगळं फसतं. वर ताडपत्रीचा तंबू, आत डीह्युमिडिफायर, आणि दोन-तीन आठवडे थांबायची तयारी ठेवा.

काढलेल्या तुकड्याची जाडी मोजून तेवढाच नवीन बाल्सा आणा. आधी कोरडा बसवून बघा. मग दोन्ही बाजूंना पातळ इपॉक्सी पाजा, विशेषतः कापलेल्या टोकांना, कारण ती स्पंजासारखी पितात. त्यानंतर कोलॉइडल सिलिका घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी खाचेदार पट्टीने पसरा, बाल्सा दाबा, त्याच्यावर तेच इपॉक्सी आणि उचललेला थर. वर प्लॅस्टिक कागद आणि वाळूच्या पिशव्या ठेवा. सांध्याच्या दोन्ही कडा जाडीच्या बारापट लांब उतरत्या घासा, म्हणजे ३ मिमीच्या थराला ३६ मिमी, आणि त्या खळग्यात काचकापडाचे थर भरा. सरळ कापून नुसती फट बुजवली तर पहिल्याच हंगामात तिथे रेघ उमटेल. तापमान १५ अंशांच्या वर असतानाच हे काम करा.

आता मूळ कारण. पाणी स्टँशनच्या बोल्टभोवतीच्या भोकांतून शिरलं आहे. ६ मिमीच्या बोल्टसाठी वरचा थर आणि बाल्सा १२ मिमीच्या ड्रिलने पाडा, खालचा थर शाबूत ठेवा. ड्रिलमध्ये लावलेल्या वाकड्या खिळ्याने आतला बाल्सा आणखी थोडा खरवडा, भोक घट्ट इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर ६.५ मिमीचं नवं भोक पाडा. भोकाच्या वरच्या कडेला उथळ खोबण करा, फिटिंगखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा आणि बोल्ट एकदम न आवळता दोन-तीन दिवसांत थोडा थोडा आवळा. सिलिकॉन डेकवर वापरू नका. एकदा लागलं की त्या जागेवर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही.

प्रश्न (मेलबर्न): कील (तळाखालचा वजनदार पंखा) जिथे बोटीच्या तळाला मिळतो तिथे पुढच्या बाजूला आडवी चीर पडली आहे. बुजवली की पुन्हा येते. धोका आहे का?

उत्तर: या चिरेला खलाशी कीलचं ‘हसू’ म्हणतात. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की सांध्यावरची पुट्टी कडक आहे आणि सांधा किंचित हलतो. पण तसंच आहे, हे तपासल्याशिवाय गृहीत धरू नका.

बोट पट्ट्यांनी उचलताना चीर बघा. कीलचं वजन लोंबकळल्यावर ती ठळकपणे उघडत असेल किंवा तिच्यातून गंजाचा ओघळ येत असेल, तर काम मोठं आहे. आत कीलवरचा खळगा पूर्ण कोरडा करून नट बघा. स्टेनलेस पोलादाला हवा लागली तर ते टिकतं. साचलेल्या, हवा नसलेल्या पाण्यात मात्र नटाच्या खाली, नजरेआड खड्डे पडतात. म्हणून वरून चकचकीत नटावर विसंबू नका, एक नट काढून त्याचे आटे बघा.

सुरुवातीच्या काही जे-२४ मध्ये हा खळगा व्हर्मिक्युलाइट (एक हलकं खनिज) मिसळलेल्या रेझिनने भरलेला आहे. तो भराव भुसभुशीत होऊन पाणी धरतो आणि नट कितीही आवळला तरी खाली दबत जातो. तुमच्या बोटीत तेच असेल तर ते खणून काढून काचकापडाचे भरीव थर घालणं हाच खरा उपाय आहे. त्याआधी वर्गाच्या मापकाला (शर्यतीसाठी या जातीच्या बोटी मोजून तपासणाऱ्याला) लेखी विचारा. जे-२४ चे नियम बंद स्वरूपाचे आहेत, म्हणजे ज्याला स्पष्ट परवानगी नाही ते निषिद्ध.

आतलं सगळं ठीक निघालं, तर बोट कीलवर टेकलेली असताना नट बांधणाऱ्याने सांगितलेल्या टॉर्कला आवळा. चीर ६ मिमी खोल व्ही आकारात खोदा, आत पॉलियुरेथेन सीलंट भरा, मग वरून गुळगुळीत करा.

प्रश्न (मुंबई): बंदरात बोट पावसाळाभर झाकून ठेवतो. सप्टेंबरअखेर दुरुस्तीला बसलो की इपॉक्सी कपातच पेटल्यासारखं तापतं आणि वाळलेला थर चिकट राहतो. मास्टवरचे स्क्रूही निघत नाहीत.

उत्तर: तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सीचा कामाचा वेळ ढोबळमानाने निम्म्यावर येतो. मंद हार्डनर (रेझिनला घट्ट करणारा दुसरा घटक) घ्या. वेस्ट सिस्टिमच्या १०५ रेझिनला २०६ हार्डनर ५ ला १ या प्रमाणात लागतं, तर उष्ण हवेसाठीचं २०९ हे ३ ला १. प्रमाण मोजणारे पंप अदलाबदल झाले तर ते कधीच नीट वाळत नाही. एका वेळी १०० ग्रॅमच मिसळा आणि लगेच कपातून उथळ ताटात ओता, पसरलेलं इपॉक्सी तापत नाही. वरचा चिकटपणा दमट हवेत अमाइनचा (हार्डनरमधल्या रसायनाचा) मेणासारखा थर जमल्याने येतो. तो पॉलिश पेपरने घासू नका, त्याने तो आणखी आत रगडला जातो. आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग घासा. काम सकाळी उशिरा सुरू करा, दव सुकल्यावर.

मास्टच्या स्क्रूचं कारण वेगळं आहे. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी स्क्रूला जखडते. थोडी उष्णता द्या, झिरपणारं तेल घालून रात्रभर ठेवा आणि ठोकून फिरणारा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर वापरा. परत लावताना ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (असं जखडणं रोखणारे लेप) लावल्याशिवाय एकही स्क्रू बसवू नका.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): जे-२४ साठी या वर्षी मर्यादित पैसे आहेत. नवा जेनोआ (पुढचं मोठं शीड) घेऊ की रिगिंग (डोलकाठी धरणाऱ्या तारा) बदलू?

उत्तर: रिगिंग. तारांचं वय माहीत नसेल, किंवा त्या दहा वर्षांच्या पुढच्या असतील, तर तोच खर्च आधी. स्वेजच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीच्या) तोंडाशी टिश्यू पेपर फिरवा. धागा अडकला तर तुटलेली तार सापडली. व्यास आणि जात तीच ठेवा.

त्याच दिवशी चेनप्लेटच्या (तारा बोटीला जिथे अडकतात त्या पट्टीच्या) बोल्टभोवतीच्या प्लायवूडमध्ये टोच्या घालून बघा. डेकमधून झिरपलेलं पाणी तिथेच मुरतं. धक्क्यावर ताठ असलेल्या वाऱ्याआडच्या तारा शर्यतीत सैल पडत असतील, तर टर्नबकल (तारा ताणायचे स्क्रू) फिरवत बसू नका. बल्कहेड (बोटीतली आडवी भिंत) किंवा मास्टखालचा बीम दबत असल्याची शंका घ्या.

कॉकपिटमधल्या लॉकरच्या झाकणांना घट्ट बसणारी कडी नसेल तर तीही आत्ताच बसवा. जे-२४ आडवी पडल्यावर उघड्या लॉकरमधून पाणी आत गेलं की बोट बुडू शकते. पैसे उरले तर तळ घासून गुळगुळीत करा, ४०० नंतर ६०० चा ओला पॉलिश पेपर. मजुरी तुमचीच, आणि वेग जुन्या शिडांवरही मिळतो.

जेनोआ पुढच्या वर्षी घ्या. तोवर जुन्याचा एक फोटो काढा, खालून वर, वारा भरलेला असताना. शिडाचं पोट (सर्वांत खोल भाग) पुढच्या कडेपासून ३५ ते ४० टक्क्यांवर असेल तर शीड अजून चालेल. ५० च्या आसपास सरकलं असेल तर तो जेनोआ सरावाला ठेवा.