कम्पाउंड फ्रॅक्चर म्हणजे हाडाचे अनेक तुकडे होणे का?
नाही, तो गैरसमज आहे. हाडाचे अनेक तुकडे झाल्यास त्याला कॉमिन्यूटेड फ्रॅक्चर म्हणतात. कम्पाउंड म्हणजे उघडे फ्रॅक्चर, ज्यात मोडलेल्या जागेचा त्वचेवरील जखमेतून बाहेरच्या वातावरणाशी संबंध येतो, मग हाड एकाच जागी का मोडलेले असेना. नडगीवर पुढच्या बाजूने जेमतेम कातडीचेच आवरण असल्यामुळे तिथे हा प्रकार विशेष आढळतो. गस्टिलो आणि अँडरसन या अस्थिशल्यविशारदांनी १९७६ साली केलेल्या उघड्या फ्रॅक्चरच्या वर्गीकरणानुसार १ सेंटीमीटरपेक्षा लहान, स्वच्छ जखम पहिल्या प्रकारात मोडते (इथे ‘मोडणे’ निराळे!), तर आसपासच्या स्नायूंची मोठी हानी झाली असल्यास ती तिसऱ्या प्रकारात जाते. जखम अगदी लहान दिसली तरी हाडात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविके लवकरात लवकर सुरू करतात.