वाचक विचारतात : चित्राताईंनी नेमकं केलं काय?

प्रश्न : माझी मुलगी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीची पदविका) करते आहे. तिच्या वहीत चित्रा नाईक यांच्याबद्दल एवढीच ओळ आहे – 'महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक, नियोजन आयोगाच्या सदस्य, पद्मश्री.' ती मला विचारते, 'आई, पण त्यांनी केलं काय?' मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल का?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : ताई, लेकीला शाबासकी द्या. पदांची यादी पाठ करून गप्प बसली नाही ती.

पदांचं आधी उरकून घेते. जन्म १९१८ चा, पुण्यातला. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट, पुढचा अभ्यास अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात. राज्याच्या शिक्षण संचालक झाल्या, १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे नियोजन आयोगावर गेल्या. डिसेंबर २०१० मध्ये त्यांचं निधन झालं. देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे त्यांचे पती. पुष्कळ जण 'जेपींच्या पत्नी' एवढंच सांगून थांबतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. पहिली नेमणूक एका वाडीवर होती. तिसरीत एक मुलगी होती, हुशार. दिवाळीनंतर यायची बंद झाली. घरी गेले तर ती शेरडं घेऊन माळावर, पाठीला धाकटा भाऊ. मी पटावर 'सतत गैरहजर' लिहिलं आणि काही महिन्यांनी नाव कमी केलं. माझ्याच हातानं. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं.

चित्राताईंचं काम मला कळलं ते त्यानंतर, एका प्रशिक्षणात. जेपींनी १९४८ मध्ये मुंबईत काढलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यात आली. संचालकपदाचा अनुभव गाठीशी असलेल्या चित्राताईंनी या संस्थेतर्फे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत अनौपचारिक शिक्षणाचा प्रयोग उभा केला. मुलं ९ ते १४ वयाची, शाळेत कधी न गेलेली किंवा मधूनच सुटलेली. त्यात मुलीच जास्त. वर्ग भरायचा संध्याकाळनंतर, सुमारे दोन तास, कारण दिवसा ही पोरं कामावर असायची. शिकवणारी माणसं त्याच गावातली. त्यांच्याकडे मोठ्या पदव्या नव्हत्या, पण कुणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना ठाऊक असायचं.

शाळा अकराला भरते म्हणून मुलानं अकराला मोकळं असलं पाहिजे, हे आपण इतकं गृहीत धरतो की मूल आलं नाही की दोष त्याचा, नाहीतर आईबापाचा. चित्राताईंनी मुलाचा दिवस आधी पाहिला आणि शाळेची वेळ मग ठरवली. शिक्षण खात्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेल्या बाईंनी हे करावं, याचं मोल मला फार वाटतं. खात्याची वेळापत्रकं कशी बनतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आणि परीक्षेऐवजी बालजत्रा! आसपासच्या गावांतली मुलं एकत्र जमायची आणि वाचन, हिशेब, गाणी, जे काही शिकलं ते सगळ्यांसमोर करून दाखवायची. जत्रा म्हटल्यावर कुठलं मूल घाबरेल? आपली पोर चार लोकांत मोठ्यानं वाचते आहे हे आईबापांनी कानांनी ऐकलं, की प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवून घ्यायची गरजच उरत नाही.

प्रशिक्षणाहून परतल्यावर मी शाळेच्या ओट्यावर रात्रीचा वर्ग सुरू केला. वरिष्ठांनी विचारलं, हे कुठल्या परिपत्रकात आहे? परिपत्रक नव्हतंच. तरी दोन हिवाळे चालवला. पहिल्या आठवड्यात चार मुली आल्या, पुढे अकरा झाल्या. पटावरून काढलेली ती मुलगीही आली, भावाला कडेवर घेऊन. तो कंदिलाजवळ झोपायचा आणि ती पाटीवर लिहायची.

लेकीला सांगा, पहिली नेमणूक मिळाली की पटावर गैरहजेरी लिहिण्याआधी एकदा त्या मुलाच्या घरी जाऊन ये. जाताना संध्याकाळी जा. दुपारी घरात कुणी सापडत नाही.