गच्ची पड ठेव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझा फोटो आला. जास्वंदीची फांदी, तिच्यावर मिलीबग किडीचा कापसासारखा थर, आणि कडेला नीम तेलाच्या वाटीत उभा केलेला जुना टूथब्रश. खाली लिहिलं होतंस, "काका, सगळं उपटून फेकून द्यावंसं वाटतं. आणि असं वाटतं याचीच लाज वाटते." उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून तेव्हा गप्प बसलो.

उपटून टाक. लाज कसली त्यात? पाऊस गेला, ऑक्टोबरची काहिली सुरू झाली, दोडक्याचा वेल बुडाकडून वाळत आलाय. जूनपासून तू अंधेरीहून धक्के खात येतोस आणि बूट काढायच्या आत गच्चीवर चढतोस. भेंडीचं तर तुझ्या हातात काही नव्हतंच. पानाच्या शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, म्हणजे विषाणू. पांढरी माशी तो पसरवते, आणि एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. तशा झाडांना तू तीन आठवडे शेणखत आणि निंबोळी पेंड घालत राहिलास. मला आधी का दाखवली नाहीस?

आता नीट वाच. हंगाम संपला की गच्ची पड ठेवायची, म्हणजे काही न लावता मोकळी सोडायची. आठ दिवस नाही, चांगला महिनाभर.

आमच्याकडे संगमेश्वरला भात कापून झालं की खाचरं मोकळी व्हायची. जिथे ओल असेल तिथे वडील मूठभर कुळीथ टाकायचे, बाकीची जमीन पुढच्या पावसापर्यंत पडून असायची. शेत रिकामं का, असं त्यांना गावात कुणी विचारलं नाही, आणि त्यांनाही कधी तसं वाटलं नाही. मी मुंबईला आलो, माटुंग्याच्या वर्कशॉपात ३४ वर्षं फिटर म्हणून काम केलं. तिथेही तेच. लोकलचा डबा चांगला धावतोय म्हणून कुणी तो तसाच धावू देत नाही. मुदत झाली की आत घ्यायचा, उचलून खालची बोगी, म्हणजे चाकांची चौकट, काढायची, चाकं, बेअरिंग, ब्रेक सगळं उघडून बघायचं. डबा बिघडलेला असो-नसो, मुदत झाली की आत. हे मी रोज हाताने करत होतो, आणि घरी आलो की गच्चीवरच्या साठ कुंड्यांतली एकही रिकामी राहू देत नव्हतो.

तेव्हा पड ठेव. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत कामाला लाग. भेंडी मुळासकट काढ. मिलीबग लागलेल्या फांद्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नकोस, पिशवीत बांधून बाहेर काढ, नाहीतर मुंग्या ते किडे उचलून पुन्हा शेजारच्या कुंडीत नेऊन ठेवतील. मग एकेक ग्रो बॅग ताडपत्रीवर उलटी कर. मातीचा गोळा पिशवीच्या आकारात तसाच्या तसा बाहेर येईल, अंगभर पांढऱ्या मुळांची जाळी गुंडाळलेला. तो हाताने फोड. मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींच्या, ती माती वेगळी काढ आणि पुढे तिच्यात झेंडू लाव. बाकीची पातळ पसर, दोन-तीन दिवसांनी खालीवर कर आणि ऑक्टोबरच्या उन्हाला तिचं काम करू दे. कढीपत्ता, तुळस, मोगरा, गवती चहा आणि लिंबू एवढीच झाडं ठेव. त्यांना एक वेळचं पाणी घालायला दहा मिनिटं लागतात.

आता लगेच "पण काका, मेथी-टोमॅटोचा हंगाम निघून जाईल" म्हणशील. नाही जात. मुंबईत मेथी डिसेंबरात पेरलीस तरी महिन्याभरात कापशील, आणि टोमॅटोची रोपं नोव्हेंबरच्या शेवटी लावलीस तरी फळतात. अगदीच हात शिवशिवले तर दोन बॅगांत मूग टाक आणि फुलावर यायच्या आत मातीत गाडून टाक, मातीला नत्र मिळेल. पण दोनच बॅगांत. तुला ओळखतो मी, दोनाच्या बारा करशील.

तुला हे इतकं बजावून सांगतोय त्याला कारण आहे. तुझी काकू दर दिवाळीला म्हणायची, चार दिवस गुहागरला आईकडे जाऊ. मी म्हणायचो, आत्ता रोपं लावलीत, पाणी कोण घालणार? अशी अकरा वर्षं गेली. ती कधी एकटी एसटीने जायची, कधी माझ्यासाठी थांबायची. एका वर्षी ती थांबली, आणि पुढच्या शिमग्याच्या आत तिची आई गेली. त्यावरून ती मला कधी एक शब्द बोलली नाही. ज्या टोमॅटोसाठी थांबलो, त्यांची जातसुद्धा आज मला आठवत नाही. मजल्यावरचा कुणीही मुलगा बादलीभर पाणी घालून आला असता. मी विचारलंच नाही कुणाला.

अर्थात माझीही बाजू होती. तेव्हा सोसायटीच्या कमिटीने गच्ची वर्षावर्षाच्या बोलीवर दिली होती. एक ओळ रिकामी दिसली की मीटिंगमध्ये विषय निघायचा, वापरत नाहीत तर उचलायला सांगा, वरच्या मजल्यावर लीकेज होतंय. लीकेज माझ्या कुंड्यांमुळे नव्हतं. मी प्रत्येक कुंडीखाली विटा लावल्या होत्या, पाणी कुठे साचत नव्हतं, मी स्वतः दाखवलं होतं त्यांना. तरी बारा महिने हिरवं ठेवण्यावाचून मला इलाज नव्हता. ठेवलं म्हणून गच्ची टिकली, आणि गच्ची टिकली म्हणूनच तुला पहिलं कढीपत्त्याचं रोप देता आलं. त्यात मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. पण चार दिवसांसाठी कुणाला किल्ली द्यायला कमिटीने मला अडवलं नव्हतं. ते माझं मीच केलं.

तुझ्यामागे तर कमिटीही नाही. मालकाने गच्ची मोकळ्या मनाने दिली आहे. मग तू कुणाला घाबरून रात्री साडेअकराला फांद्या घासतोस? ग्रुपवर लोक टोपलीभर वांग्यांचे फोटो टाकतात, त्यांना? तो ग्रुप महिनाभर म्यूट कर. पड ठेवायची म्हणजे डोकंही पड ठेवायचं. नाहीतर गच्ची रिकामी आणि तू बियाण्यांच्या याद्या करत बसलेला, त्याला विश्रांती म्हणत नाहीत.

मला उशिरा सापडलेली एक गोष्ट सांगतो. ज्यांना पाणी घालणं आपल्याकडे नाही अशी झाडं बघायला जावं. मी राणीबागेत जातो. १८६२ सालची ती बाग, आपल्या कितीतरी आधीपासून तिथे उभी असलेली झाडं. कैलासपतीच्या खोडातूनच फुलं लोंबतात, खाली सडा पडलेला असतो, आणि तो झाडायची जबाबदारी माझी नसते. पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने एका झाडाच्या पानाची खालची बाजू उलटून कीड शोधत होतो. हिने हात धरून बाकावर बसवलं. तासभर बसलो. त्या रात्री पाणी राहिलं का म्हणून उठलो नाही, सरळ सकाळी जाग आली.

माती पसरून झाली की पुढच्या शनिवारी ये. बुधवारी बाग बंद असते, ते लक्षात ठेव. दहाच्या सुमारास भायखळ्याला पूर्वेला उतर, तिकीटघरापाशी आम्ही असू. खुरपं, बियांची पाकिटं, वही काही आणू नकोस. काकू येते आहे, तिचे गुडघे दुखतात, तेव्हा सावकाश चालावं लागेल.

तुझा,
काका